कमरुद्दीनने सांगितलेला शेवट

कमरुद्दीनला बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. चहा प्यायचा तोही उभ्याने, एका हातात कप आणि दुसऱ्या हातात पेचकस. कुणी म्हणालं, बस ना भाऊ, तर म्हणायचा, "बसतो ना, हे एवढं पाहून घेतो." ते एवढं कधी संपायचं नाही. कुणाचा रेडिओ, कुणाच्या छपरावरचा अँटिना, आणि गावात केबल आल्यावर खांबाखांबावरून लोंबणारी वायर. खांबावर चढला की तो आधी गडचिरोलीकडून येणाऱ्या रस्त्याकडे पाहायचा, मग कामाला लागायचा. बस थांब्यावर थांबली की उतरणारी माणसं एकेक निरखायचा. त्याची बायको सुलताना म्हणायची, अल्लाने या माणसाच्या पायाला भिंगरी बांधून पाठवलं. मीही तेच समजत होतो. चाळीस पोस्टकार्डं माझ्या टेबलावर आली तेव्हा मला खरं कारण कळलं.

मी नागसेन, चिचटोल्याचा पोस्टमास्तर. गावाचं नाव हे नाही आणि माणसांची नावंही मी बदलली आहेत. का, ते वाचताना कळेल. गाव सावली तालुक्यातलं, वैनगंगेच्या काठावरचं. माझ्या घराची पुढची खोली हेच पोस्ट. कुणाचं पत्र आलं, कुणाचं यायचं थांबलं, हे मला घरच्यांच्या आधी कळतं. तोंड बंद ठेवता येत नसेल त्याने या नोकरीत येऊ नये, असं माझं मत आहे आणि ते मी नव्या पोस्टमनला पहिल्याच दिवशी ऐकवतो.

गोष्ट सुरू होते एक्क्याण्णव साली. तेव्हा गावात वीज होती म्हणायची. जावयासारखी, मनात येईल तेव्हा यायची. पण कमरुद्दीनकडे बारा व्होल्टचा काळापांढरा टीव्ही होता आणि तो ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचा. त्या वर्षी दर गुरुवारी संध्याकाळी आठ वाजता दूरदर्शनवर एक भुताची मालिका लागायची, 'उस पार की बत्ती'. गाव तिला नुसतं 'बत्ती' म्हणायचं. कमरुद्दीनच्या अंगणात साठ माणसं जमायची. सुलताना पोती अंथरून द्यायची आणि नंतर आठवडाभर त्या पोत्यांवरच्या विड्यांच्या थोटकांवरून बोलायची.

मालिकेत एक इंजिनीअर नदीकाठच्या बंगल्यातून नाहीसा होतो. मेला की जिवंत, कुणाला माहीत नाही. त्याची बायको रोज अंधार पडला की काठावर कंदील लावते आणि थोड्या वेळाने नदीच्या पलीकडे, जिथे वस्तीच नाही, तिथे दुसरा दिवा लागतो. तो दिवा कोण लावतं, हे कळायला सव्वीस भाग होते.

आमच्या गावात ती मालिका म्हणून कुणी पाहत नव्हतं. आमच्या वस्तीतल्या कांताचा नवरा श्रावण तीन वर्षांपूर्वी बांबू कटाईच्या टोळीबरोबर एटापल्लीकडे गेला होता. दिवाळीच्या आधी तो टोळीतून निघाला, एवढं टोळीवाल्यांनी सांगितलं. गावात पोचला नाही. पोलिसांत नोंद झाली, लोक शोधून आले. ना माणूस, ना त्याची पिशवी. कांता तेव्हा चोवीस वर्षांची. वस्तीतल्या मोठ्या माणसांनी सुचवलं की आता तो गेला असं धरून, फोटो ठेवून पुण्यानुमोदन करून घेऊ. तिने त्यांना दारातूनच परत पाठवलं. त्यात मीही होतो. तिच्यापुढे मान खाली घालून परत आलो.

आणि 'बत्ती'चा पाचवा की सहावा भाग झाल्यावर कांताने घाटावरच्या करंजीच्या झाडाला कंदील टांगायला सुरुवात केली. रोज. कुणी तिला वेडी म्हटलं नाही. उलट येताजाता लोक पलीकडच्या काठाकडे बघू लागले. मी शिकलेला माणूस, भुताखेतावर विश्वास नाही, पण खोटं कशाला बोलू, मीही बघायचो. दिवसा ती कुणाच्याही धानाच्या रोवणीला जायची, जे मिळेल ते करायची आणि अर्धी भाकर श्रावणसाठी झाकून ठेवायची. वाळून वाळून तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. ती आता शेवटच्या भागावर थांबली होती. शेवटी जे होईल ते आपलं होईल, असं तिने मनाशी धरलं आहे हे सगळ्या गावाला दिसत होतं.

त्या शेवटच्या गुरुवारी अंगण भरलं. कांता अगदी पुढे. वीज नव्हतीच. मालिका सुरू झाली, बाई कंदील घेऊन काठावर आली, पलीकडचा दिवा हलला, पाण्यात नाव दिसली आणि चित्र आक्रसायला लागलं. आक्रसत आक्रसत मधोमध एक पांढरा ठिपका उरला आणि तोही गेला. बॅटरी उतरली होती. आदल्या दिवशी एका लग्नात भोंगा लावायला कमरुद्दीनने ती दिली होती आणि सावलीला चार्जिंगला न्यायची राहून गेली होती. लोकांनी त्याला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. कांता उठलीच नाही.

"उद्या सकाळी सावलीले जातो आन् इचारून येतो," कमरुद्दीन तिला म्हणाला. "पक्कं इचारून येतो."

तो पहाटेच सायकल घेऊन गेला. दहाच्या सुमारास परत आला आणि त्याने शेवट सांगितला. पलीकडचा दिवा इंजिनीअरच लावत होता. तो कधीच मेला होता. बायको दिवा लावते म्हणून त्याला पुढे जाता येत नव्हतं. नावेतून तो अर्ध्या नदीपर्यंत आला आणि म्हणाला, आता दिवा विझव, घरी जा, झोप. बाईने दिवा विझवला आणि पलीकडचाही विझला. बस. एवढंच. कमरुद्दीन पक्कं विचारून आला म्हटल्यावर पुन्हा कुणी सावलीत विचारलं नाही.

चौथ्या दिवशी कांता माझ्याकडे आली. विहार कधी मोकळं आहे, विचारलं. श्रावणच्या फोटोला हार घातला, भन्तेजींनी सूत्रं म्हटली, आणि ती पहिल्यांदा मोठ्याने रडली. कंदील तिने विहारातच ठेवून दिला. वीज गेली की तोच लावतात. दोन वर्षांनी त्याच विहारात तिचं सुकलूशी लग्न लागलं. सुकलू नदीवर डोंगा, म्हणजे नाव, चालवणारा, कमी बोलणारा, चांगला माणूस. त्यांना रिना झाली. कांताच्या बांगड्या मनगटावर परत आल्या.

हे सगळं झालं आणि मागे पडलं. कमरुद्दीनने डिश बसवली, घरोघर केबल नेली. आणि दोन हजार चारच्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रात बातमी आली की एक खाजगी वाहिनी 'उस पार की बत्ती' नव्या कलाकारांना घेऊन पुन्हा करायच्या विचारात आहे. करावी की नाही, प्रेक्षकांनी पोस्टकार्डावर कळवावं. मुंबईच्या लोकांना हा करमणुकीचा प्रश्न वाटला असेल.

आठवड्याभराने माझ्या टपालपेटीत चाळीस पोस्टकार्डं निघाली. नावं चाळीस, अक्षर एक. 'जुने कलाकारच खरे, नवे घेऊ नये.' 'गरीब जनतेची नम्र विनंती की ही मालिका पुन्हा दाखवू नये, लहान मुले घाबरतात.' 'जे झाले ते चांगले झाले, पुन्हा कशाला?' एका कार्डावर पोचूचं नाव होतं. पोचू वारून दोन वर्षं झाली होती. भुताच्या मालिकेवर भुताचं मत, म्हणून मी एकटाच हसलो. मग अक्षर नीट पाहिलं. रेडिओच्या दुरुस्तीच्या चिठ्ठ्यांवर तेच अक्षर मी वीस वर्षं पाहत होतो.

संध्याकाळी त्याला बोलावलं. आला आणि दारात उभा राहिला.

"काऊन रे कमरू? त्या नव्या नटायनं तुझं काय घोडं मारलं?"

"तुमी शिक्का मारा ना मास्तर. तुमाले काय करायचं हाय?"

"शिक्का मारतो. टपाल ते टपाल. पण मेलेल्या पोचूले कामाले लावलं तू, म्हणून इचारतो."

तो बाहेर गेला, पुन्हा आत आला, खिडकीचा कोयंडा उगाच हलवून पाहिला. मग उभ्या उभ्या सगळं ओकला.

त्या सकाळी सावलीत त्याने तीन वेगवेगळ्या माणसांना विचारलं होतं. तिघांनीही एकच शेवट सांगितला. इंजिनीअर जिवंत होता. सगळे मेला मेला म्हणत होते आणि बायको एकटी दिवा लावत राहिली, आणि त्या दिव्याच्या खुणेने तो परत आला. वाट पाहणाऱ्या बाईची जीत झाली.

"सायकल मारत येऊन राह्यलो होतो, तवा हेच सांगायचं होतं," तो म्हणाला. "घाटाजवळ आलो तं कांताबाई बसली होती. कंदिलाची काच राखेनं घासून राह्यली होती. नवी वात आणली होती तिनं. मले पाहून उभी राह्यली. उभं राहाले बी तिले झाडाचा आधार लागला, मास्तर. मी म्हटलं, हे सांगतलं तं ही बाई या झाडाखालीच मरन. तोंडातून निंगून गेलं, तो मेला होता म्हून. मंग बाकीचं बनवत गेलो."

खरं म्हणजे मला त्याचा राग आला होता. कुणा बाईचा नवरा मारायचा अधिकार याला कुणी दिला? आणि त्याच वेळी मला रिना दिसत होती, माझ्या पोस्टासमोरून रोज दप्तर घेऊन जाणारी. ती त्या खोट्यातूनच आली होती.

"आन् श्रावण आला तं?" कमरुद्दीन म्हणाला. "तेरा वर्षं झाले, मी हरेक बस पाहून राह्यलो. खांबावर चढलो तं पह्यले रस्ता पाहतो. उतरला तं काय सांगू त्याले? तुह्या बायकोले मी तुह्यापासून सोडवलं म्हून सांगू?"

त्याच्या पायाला भिंगरी कुठून लागली, ते मला तेव्हा कळलं. मी चाळीसच्या चाळीस कार्डांवर शिक्का मारला आणि पोतं बंद केलं.

काही उपयोग झाला नाही. देशभरातून लोकांनी 'करा, करा' म्हणून लिहिलं असणार. पावसाळा संपता संपता जाहिराती सुरू झाल्या. तेरा भाग, दर शुक्रवारी आठ वाजता. गावात आता टीव्ही घरोघर होते आणि पहिल्या भागापासून भांडण लागलं. जुना इंजिनीअर खरा होता, त्याला मिशी होती. हा नवा नाहीसा झाला तरी इस्त्री मोडत नाही. नवी बाई जंगलातल्या बंगल्यात ओठ रंगवून झोपते. म्हातारा झिंगू म्हणाला, "पह्यलेचं भूत गरीब होतं, पायी यायचं. हे उडत येते." पण पाहायचे सगळे. कांताही पाहायची. सुकलू आणि रिनाला घेऊन, घरच्याच रंगीत टीव्हीवर.

कमरुद्दीनची झोप गेली. केबल त्याच्या हातात होती. शेवटच्या शुक्रवारी खांबावरच्या बूस्टरची एक वायर काढली की सारा गाव आंधळा. तो माझ्याकडे दिवसातून तीन तीन वेळा यायचा.

"काढू का, मास्तर?"

"काढ. मंग लोक तुलेच इचारतीन, शेवट काय झाला. पुन्हा सांगशीन?"

तो परत जायचा. पुन्हा यायचा. "शनवारी दुपारी तोच भाग पुन्हा दाखवतेत म्हणे," मी सांगायचो, "आन् सावलीचे लोक का मेले हायेत?" तो डोकं धरायचा. एकदा म्हणाला, "सांगूनच टाकतो तिले." कांताच्या घरापर्यंत गेला, आणि रिनाने दार उघडलं तर टीव्ही नीट दिसते ना, एवढं विचारून परत आला. मला त्याची कीव येत होती आणि वैतागही येत होता. त्या तेरा आठवड्यांत माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं. दोन पत्रं मी चुकीच्या घरी दिली, जे माझ्या नोकरीत कधी झालं नव्हतं.

शेवटच्या शुक्रवारी त्याने वायर काढली नाही. वीजही गेली नाही, एवढी वर्षं जाणारी वीज त्या दिवशी ठाम राहिली. नव्या लोकांनी जुनाच शेवट ठेवला होता. नाव काठाला लागली, इंजिनीअर उतरला, हाडामांसाचा, जिवंत. बाईने कंदील उंच धरला. माझ्या बायकोने टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "हे काय दाखवलं? तो तं मेला होता ना?"

सकाळी नऊला पोस्ट उघडलं तर ओट्यावर माणसं. झिंगू पुढे.

"मास्तर, कारड द्या. या लोकायनं शेवट बिघडवला. मेलेला माणूस जित्ता केला. असं कुठी चालते?"

दुसरा म्हणाला, नवे कलाकार घेतले इथवर ठीक, पण गोष्ट बदलायची नव्हती. तिसरा म्हणाला, जुन्यात कसं मन भरून आलं होतं. आणि गंमत अशी की यातल्या एकानेही जुना शेवट पाहिला नव्हता. साठ माणसांनी एक पांढरा ठिपका पाहिला होता, बाकी सगळं कमरुद्दीनचं होतं. पण ते तेरा वर्षं त्यांच्याजवळ होतं, आता ते त्यांचं झालं होतं. मी कार्डं काढून देत होतो. कमरुद्दीन ओट्याच्या कडेला वायरचं भेंडोळं घेऊन उभा होता, ऐकत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं.

तेवढ्यात कांता आली. तिच्या हातात तो कंदील होता, विहारातला. काच घासून लख्ख केलेली. मागून सुकलू आला, तो पायरीखालीच थांबला. मला हळूच म्हणाला, "पहाटेपासून घाटावर बसली हाय. बोलत नाई."

ओट्यावरची माणसं बाजूला सरली. कांता कमरुद्दीनसमोर उभी राहिली.

"कमरूभाऊ, त्या टायमाले तुमाले सावलीच्या लोकायनं काय सांगतलं होतं?"

त्याने वायरचं भेंडोळं या हातातून त्या हातात घेतलं.

"खरं सांगा. मी रागावणार नाई. तो आला होता का नव्हता? वाट पाह्यली असती तं येत होता का, भाऊ? मीच दिवा विझवला का?"

मी शिक्का हातात घेऊन उगाच पुसायला लागलो. सांग, असं मला वाटत होतं आणि सांगू नको असंही वाटत होतं, आणि दोन्ही तितकंच खरं होतं. सुकलू जमिनीकडे पाहत होता.

कमरुद्दीनने वायरचं भेंडोळं खाली ठेवलं. मग तो माझ्या पोस्टातल्या बाकावर बसला. वीस वर्षांत तो बाक त्याने वापरलेला मी पाहिला नव्हता.

"बसा, कांताबाई," तो म्हणाला. "पुन्हा सांगतो."

आणि त्याने सांगितलं, सगळं, घाई न करता. नदीवरचं धुकं, नाव, नावेत बसलेला माणूस. त्याचं अंग कसं कोरडं होतं, पाण्यातून येऊनही कोरडं, म्हणून बाईने ओळखलं की हा आता आपल्यातला नाही. काठ चार हात राहिला तेव्हा त्याने नाव थांबवली. म्हणाला, तुही बत्ती मले दिसून राह्यली, म्हून मले जाता येत नाई. लय लावली तू. आता विझव. मी बी जातो, तू बी घरी जाय. जेव. झोप. कांताचे ओठ हलत होते. शेवटची वाक्यं ती त्याच्याबरोबर म्हणत होती. तिला ती पाठ होती.

"हेच होतं?" तिने विचारलं.

"हेच होतं. माह्या पोरायची शपथ."

मुलांची शपथ घेताना त्याचा आवाज हलला नाही. माझ्या हातातला शिक्का मात्र टेबलावर पडला.

कांताने पदराने तोंड पुसलं. कंदील माझ्या टेबलावर ठेवला. "विहारात देऊन द्या, मास्तर. आन् मले बी एक कारड लिहून द्या."

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. तुम्ही दाखवलेला शेवट बरोबर नाही. तो माणूस येत नाही. आला असता तर त्या बाईने दुसरं घर केलं नसतं. तिला आता दोष देऊ नका, तिला झोपू द्या. आणि शेवटी म्हणाली, "लिहा, नवीन लोकाले माहीत नसन तं आमच्या कमरूभाऊले इचारा. त्यायले पक्कं माहीत हाय."

तिने अंगठा नाही, सही केली. रिनाने शिकवली होती. मग सुकलूकडे गेली आणि दोघं घरी गेले. जाताना ती त्याला म्हणाली, आता मले झोप येईन.

ओटा रिकामा झाला. "धाडू?" मी कमरुद्दीनला विचारलं. त्याने मान हलवली. मी शिक्का मारला. चाळीस त्याची आणि हे एक्केचाळिसावं.

तो दुपारपर्यंत त्या बाकावर बसून होता. कुणाची तरी केबल दिसेना म्हणून दोनदा निरोप आला, तरी उठला नाही. बाराची गडचिरोलीची बस आली, थांब्यावर थांबली. तो जागचा हलला नाही, पण मान वळलीच. आणि खरं सांगतो, माझीही वळली.